आधी जिना, मग पुणे

जानेवारी २०२२ मध्ये आलेलं वाचकाचं पत्र, थोडक्यात : नाशिकरोडला उपनगर भागात राहणारं कुटुंब. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पत्र लिहिणारे गृहस्थ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत कामाला, पत्नी बँकेत, मुलगा बारावीला आणि अभ्यासासाठी मित्राकडे जाऊन-येऊन. वडील ७४ वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त; घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्हीच्या गोळ्या चालू. लशीचे दोन डोस झालेत, दुसरा गेल्या एप्रिलच्या मध्यावर. मार्च २०२० पर्यंत नाना रोज पहाटे फिरायला जायचे, आठवड्यातून एकदा पंचवटीत. तेव्हापासून दवाखाना आणि लसीकरण सोडलं तर घरच्यांनी त्यांना बाहेर पडू दिलेलं नाही. आता पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीची, ८१ वर्षांच्या अक्कांची, तब्येत खालावली आहे आणि ‘मला तिला भेटायचंय’ असा नानांनी धोशा लावलाय. कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट चालू, एसटीचा संप चालू. त्यात मागच्या आठवड्यात नाना कुणाला न सांगता गेटपर्यंत गेले आणि परत येताना जिन्यात त्यांचे पाय लटपटले, पायरीवरच बसावं लागलं. पत्र लिहिणाऱ्या मुलाने ‘नाही’ म्हटल्यापासून नाना जेवणापुरतंच बोलतात. प्रश्न असा : ‘अजून दोन-तीन महिने घरातच थांबा, हे त्यांना कसं पटवू?’

उत्तर (जानेवारी २०२२) :

तुमची भीती समजण्यासारखी आहे. गेल्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये खाट आणि ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव ज्याने पाहिली, तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत जरा जास्तच घट्ट होतो. मार्च २०२० मध्ये ‘६५ वर्षांवरच्यांनी अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नये’ असं सांगितलं गेलं तेव्हा ते बरोबरच होतं. लस नव्हती, औषधाचा पत्ता नव्हता, मास्क मिळत नव्हते. पण ती सूचना बऱ्याच घरांत नियम होऊन बसली आणि तिची मुदत कधी संपते, हे कुणी विचारलंच नाही. तुमच्या घरी तिला आता बावीस महिने होतील.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे : नाना घरात आहेत तोवर धोका नाही, बाहेर पडले की धोका सुरू. मला यातलं पहिलं अर्धवट वाटतं आणि दुसरं सरसकट.

पहिल्यापासून सुरू करू. तुम्ही रोज अंबडला जाता, कंपनीच्या बसमध्ये किंवा कँटीनमध्ये दहा जणांबरोबर बसता. तुमच्या पत्नी दिवसभर काउंटरवर. मुलगा मित्राच्या खोलीत दार लावून अभ्यास करतो. रात्री चौघं जण जानेवारीच्या थंडीत खिडक्या गच्च लावून, मास्क काढून, एकत्र जेवायला बसता. ओमायक्रॉन नानांपर्यंत पोचायचाच असेल तर त्याचा सगळ्यात सोपा रस्ता हा आहे. सकाळी दहा वाजता मोकळ्या रस्त्यावरून एकटं चालणारा माणूस त्या मानाने कितीतरी सुरक्षित असतो, कारण हा विषाणू मुख्यतः बंद जागेत साठून राहिलेल्या हवेतून पसरतो. म्हणून नानांना काही सांगण्याआधी घरातल्या बाकीच्या तिघांनी तीन गोष्टी करा. जेवताना समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा. थंडी वाजली तर स्वेटर घाला. घसा खवखवला, नाक गळलं, अंग दुखलं, तर ‘थंडीचं असेल’ म्हणून सोडून देऊ नका; त्याच दिवसापासून त्या माणसाचं ताट वेगळ्या खोलीत, तोंडावर मास्क, आणि चाचणी. आणि बाहेर जाणाऱ्या तिघांनी कापडी मास्क बाजूला ठेवून एन-९५ वापरा.

आता जिन्याचं. नानांचे पाय लटपटले हे तुम्ही त्यांना बाहेर न सोडण्याचं कारण म्हणून सांगितलंय. मला ते आत ठेवल्याचा परिणाम म्हणून दिसतं. साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजलं, तेव्हा त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास किलोभराने घटले होते. नाना अंथरुणात नव्हते, हे खरं. पण पलंग, खुर्ची, संडास, टीव्ही अशा फेऱ्या म्हणजे चालणं नव्हे, आणि त्यात चढ-उतार तर नाहीच. मांडीचा पुढचा स्नायू, जो खुर्चीतून उठवतो आणि जिना उतरताना शरीराचा भार पेलतो, तो सगळ्यात आधी ढिला पडतो. त्याबरोबर तोलही जातो, कारण तोल सांभाळायची सवय रोजच्या खाचखळग्यांवरूनच टिकते. सपाट फरशीवर ती विसरते. या वयात मांडीचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने परावलंबन आणि बऱ्याचदा पुन्हा पूर्वीसारखं न चालणं, असा तो प्रवास असतो. तोही धोकाच आहे. फक्त त्याचे आकडे रोज संध्याकाळी बातम्यांत येत नाहीत.

तेव्हा माझं उत्तर असं : थांबायला हरकत नाही, पण दोन-तीन महिने नको, चार-पाच आठवडे पुरे. आणि ते हातावर हात ठेवून नकोत. या आठवड्यांत नानांचे पाय पुण्याच्या प्रवासाला तयार करायचे.

चार-पाच आठवडेच का? मुंबईत ७ जानेवारीला एका दिवसात २०,९७१ रुग्ण सापडले, त्यानंतर तिथला आकडा उतरतो आहे. दक्षिण आफ्रिकेतही ही लाट जशी भरकन चढली तशीच भरकन उतरली. पुणे आणि नाशिक मुंबईच्या थोडे मागून चालले आहेत. म्हणजे आज निघणं हे ऐन माथ्यावर निघणं होईल, फेब्रुवारीच्या अखेरीस चित्र वेगळं असण्याची बरीच शक्यता आहे. शिवाय १० जानेवारी २०२२ पासून ६० वर्षांवरच्या सहव्याधी (रक्तदाब, मधुमेहासारखे आजार) असलेल्यांना खबरदारीचा डोस, म्हणजे बूस्टर, मिळतो आहे. अट दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने, म्हणजे ३९ आठवडे, पूर्ण झाल्याची. नानांचे ते आत्ताच झाले आहेत. आधी घेतलेली लसच पुन्हा मिळते, नवी नोंदणी करावी लागत नाही, सहव्याधीचा दाखलाही लागत नाही; फक्त त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तिचा जोर यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून हा डोस याच आठवड्यात उरका.

पायांचं काम सुरू करण्याआधी मोजमाप करू, म्हणजे ‘नाना अशक्त झालेत’ आणि ‘मला काही झालेलं नाही’ हे भांडण मिटेल. बिनहाताची, साधारण १७ इंच उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. नानांनी हात छातीवर फुलीसारखे घ्यायचे आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला १२ वेळा जमायला हवं, बाईला १०. हातांचा टेकू घ्यावा लागला तर शून्य धरायचं, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरी चाचणी : खुर्चीतून उठून दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. दोन फुटी फरशी असेल तर पाच फरश्या. नेहमीच्या चालीने १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजायचं. तिसरी गोष्ट रक्तदाबाची, आणि ती बहुतेक घरांत राहून जाते. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा. मधुमेहात हे बऱ्याचदा होतं, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही होतं. जिन्यात लटपटण्याचं कारण कदाचित पायांत नसून इथेच असेल, आणि गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून ते सुटू शकतं. डॉक्टरांशी बोलताना इतका काळ न चाललेला माणूस चालायला लागणार आहे हेही सांगा. छातीत दडपण, धाप, चक्कर यांचा इतिहास असेल तर ते आधी ईसीजी काढायला सांगतील.

मग पहिला आठवडा घरातच. दिवसातून तीनदा खुर्चीतून पाच-पाच उठ-बस. बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत सावकाश. खरी ताकद सावकाश बसण्यातूनच येते. स्वयंपाकाच्या ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, दहा वेळा. तिथेच एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून सरळ रेषेत उभं राहणं, दहा सेकंद, मग पाय बदलून. ओटा यासाठी चांगला की तो हलत नाही. प्लॅस्टिकची खुर्ची धरून हे करू नका, ती नानांसकट सरकेल. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते ठीक. गुडघा सुजला किंवा दुखणं दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर संख्या निम्मी करा.

जिना दुसऱ्या आठवड्यात. लोकांना चढणं अवघड वाटतं कारण त्यात दम लागतो, पण माणसं पडतात ती उतरताना. म्हणून आधी अर्धाच जिना, मधल्या वळणापर्यंत, आणि तिथे एक खुर्ची. सोसायटीच्या चेअरमनना सांगून ठेवा. महिनाभराचाच प्रश्न आहे, कुणी कुरकुर केली तर त्यांच्याही घरी कुणीतरी सत्तरीचं असेलच. नानांचा एक हात कठड्यावर, दुसरा मोकळा. तुम्ही उतरताना त्यांच्या एक पायरी खाली, थोडे बाजूला. त्यांचा हात धरून ओढू नका, त्याने तोल उलट जातो. गरज पडली तर कमरेला पट्ट्यापाशी धरा. एक गुडघा जास्त दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. आणि जिन्यात मास्क घालू नका. हे वाचून तुम्ही दचकाल. पण मास्कची वरची कड खालची पायरी झाकते, चष्म्यावर वाफ धरते ती वेगळीच. माणूस पाऊल न बघता टाकतो. तुमच्या जिन्यात दुसरं कुणी नसेल तर मास्क खिशात ठेवून खाली उतरा आणि गेटपाशी घाला. कुणी वरून येत असेल तर वळणावर थांबून त्याला जाऊ द्या. मास्क घालूनच उतरायची वेळ आली तर प्रत्येक पायरीला मान खाली घालून पाऊल बघा.

चष्म्याचाही विषय निघालाच आहे तर, नानांचा नंबर शेवटचा कधी तपासला? २०१९ मध्ये असेल तर तो चष्मा आता कामाचा नाही. मोतीबिंदूही या दोन वर्षांत पुढे सरकलेला असू शकतो. दुहेरी नंबरच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरीची कड पुसट दिसते. जिना, फुटपाथ आणि बस यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेणं फार महाग पडत नाही.

आणि बूट. जुने चालण्याचे बूट कपाटातून काढून झटकून त्यांच्या पायात घालू नका. पॉलियुरेथेनचा तळवा वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला की हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि पहिल्याच फेरीत तळव्याचे तुकडे पडतात, चालता चालता. अंगठ्याने तळवा जोरात दाबून, वाकवून बघा. भेगा पडल्या किंवा भुगा हाताला लागला तर फेकून द्या. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, टाचेकडची बाजू कडक, नाडीऐवजी वेल्क्रो. मधुमेह आहे, त्यामुळे रोज रात्री तळपाय आरशात बघायचे : फोड, चीर, लाल डाग. बधिर पायाला टोचलेलं कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून खरं फिरणं. पहाटेचा हट्ट नानांनी सोडायला हवा, इथे मी तुमच्या बाजूने आहे. नाशिकची जानेवारी-फेब्रुवारीतली पहाट बोचरी असते, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि नेमके तेव्हाच सगळे जॉगिंग ट्रॅक भरलेले असतात. नऊनंतर, उन्हात, नाश्ता करून निघा. रिकाम्या पोटी मुळीच नको. नाना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर चालणं वाढवलं की साखर खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. सुरुवात दहा मिनिटांनी, दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेग. मोकळ्या रस्त्यावर, आसपास माणसं नसताना, मास्क हनुवटीला असला तरी चालेल. भाजीच्या गाड्यापाशी थांबले की नाकावर.

खाण्याचं थोडक्यात. नुसत्या व्यायामाने स्नायू परत येत नाहीत, त्याला प्रथिनं लागतात : दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम ते सव्वा ग्रॅम. नाना साठ किलोचे असतील तर ६० ते ७५. सकाळी चहा-पोहे, दुपारी पातळ वरण आणि रात्री मुगाची खिचडी, यात ते निम्मेही होत नाहीत. दूध, दही, अंडी, उसळी, पनीर हे तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घाला. त्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या. मूत्रपिंडावर ताण असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

पंचवटीची फेरी मी पुण्याची रंगीत तालीम म्हणून ठेवेन, चौथ्या आठवड्यात. रिक्षापेक्षा सिटीलिंकची, म्हणजे शहर सेवेची, बस घ्या, मुद्दाम. नाशिकरोडहून पंचवटीतल्या निमाणी स्थानकाकडे जाणाऱ्या बसमध्ये सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान, आठवड्याच्या मधल्या दिवशी, खिडकीजवळची जागा मिळते. खिडकी उघडी, मास्क पक्का. बसची पायरी घराच्या जिन्यापेक्षा उंच असते, म्हणून आदल्या आठवड्यात मजबूत पाटावर चढ-उतार करून घ्या. बसमध्ये पडण्याचे क्षण दोनच : चढल्यावर बसायच्या आत गाडी सुटते तेव्हा, आणि उतरायच्या घाईत थांब्याआधीच उठलं की ब्रेक लागतो तेव्हा. कंडक्टरला आधीच सांगा, आजोबा सावकाश उतरणार आहेत. गोदाघाटावर जा, रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर मात्र नको. तिथे शेवाळ असतं आणि कठडा नसतो. काळारामाचं दर्शन गाभाऱ्याच्या गर्दीत न शिरता बाहेरूनही होतं. सोमवार, एकादशी, सुट्ट्या टाळा.

या फेरीत नाना न थकता परत आले, जिना चढले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे उठले, तर पुण्याला जायला तयार.

एसटीचा संप कधी मिटेल याचा भरवसा नाही, म्हणून साधारण दोनशे किलोमीटरचा हा रस्ता गाडीनेच करायचा असं धरू. तुम्ही स्वतः चालवणार आणि गाडीत घरचीच माणसं असतील तर गाडीत मास्क घालून बसण्याला अर्थ नाही. रोज एकाच घरात श्वास घेता. भाड्याची गाडी असेल तर चालकासह सगळ्यांना मास्क, आणि नानांनी मागे डाव्या बाजूला बसायचं, म्हणजे चालकापासून सर्वांत लांब. काचा सगळ्याच उघड्या ठेवल्या तर उत्तम. फेब्रुवारीचा वारा सोसणार नसेल तर निदान पुढची डावी आणि मागची उजवी काच तीन-चार बोटं खाली. हवा एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते आणि दोघांच्या मध्ये पडद्यासारखी वाहते. एसी लावायचाच तर आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद.

सकाळी नऊला निघा. चाकणची कोंडी कधी लागेल ते सांगता येत नाही, त्यामुळे पाच-सहा तास धरूनच चाला. दर दीड तासाला थांबायचं : संगमनेरला एकदा, नारायणगावच्या आसपास एकदा, आणि मध्ये लागेल तसं. खाली उतरून पाच मिनिटं चालणं, नुसतं दार उघडून बसणं नाही. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पोटरीच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. गाडीतही दर अर्ध्या तासाला पावलं वर-खाली वीसेक वेळा, पायावर पाय टाकून बसणं बंद, मोज्यांचं इलॅस्टिक सैल.

आता एक अवघड गोष्ट, जी नाना तुम्हाला सांगणार नाहीत. वयस्क माणसं प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी पितात, कारण वाटेत लघवीची सोय कशी असेल याची धास्ती असते. त्याने रक्तदाब उतरतो, बद्धकोष्ठ होतो, गाडीतून उतरताना चक्कर येते. घोट घोट पाणी चालू ठेवा आणि सोय तुम्ही करा. ढाब्यावरच्या उकिडव्या संडासात नानांचे गुडघे आता वाकले तरी उठतील याची खात्री नाही. कमोड असलेलं हॉटेल आधीच शोधून ठेवा. औषधाच्या दुकानात झाकणाचं युरिन पॉट मिळतं, ते गाडीत असू द्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती पोचल्यावर घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने चुकवू नका. जेवणाची वेळ घरचीच पाळा, डबा बरोबर. औषधं दहा दिवस जास्तीची, चिठ्ठीच्या फोटोसह, आणि ती डिकीत नव्हे, हाताशी.

मास्कबद्दल दोन ओळी. एन-९५ नाकावरच्या पट्टीला दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायचा. फुंकर मारल्यावर डोळ्यांकडे हवा आली तर तो बसलेला नाही. कानात अडकवायच्यापेक्षा डोक्यामागून पट्टे असलेला चांगला बसतो, आणि श्रवणयंत्र असेल तर ते मास्क काढताना पडतही नाही. झडप असलेला नको, त्यातून आपली हवा न गाळता समोरच्याकडे जाते, आणि समोर अक्का असणार आहेत.

खरं तर या सगळ्या प्रवासात सर्वांत नाजूक माणूस नाना नव्हेत, अक्का आहेत. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी नानांसह गाडीतल्या सगळ्यांची घरी करायची अँटिजेन चाचणी करा. कोव्हिसेल्फसारखं किट सध्या (जानेवारी २०२२) औषधाच्या दुकानात साधारण २५० रुपयांना मिळतं, पंधरा मिनिटांत निकाल. निगेटिव्ह म्हणजे निर्दोष नव्हे, लक्षणं असतील तर निगेटिव्ह आलं तरी निघू नका. पुण्याच्या घरातल्यांनाही सर्दी-ताप नाही ना ते आदल्या रात्री विचारा. बहीण-भावांना गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी बसवा, आणि भेटायला येणाऱ्या बाकीच्या गोतावळ्याला त्या दिवशी सुट्टी द्या. एवढं ४०० किलोमीटर एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. एक मुक्काम करा. नव्या घरात रात्री संडासला उठताना माणूस पडतो. खोलीत पायाशी दिवा, नेहमीच्या चपला पलंगाखाली, उठल्यावर एक मिनिट पाय खाली सोडून बसायचं आणि मग उभं राहायचं.

राहिला प्रश्न नानांना पटवण्याचा. मला वाटतं, त्यांना ‘थांबा’ हा शब्द सलत नाही, तारीख नसणं सलतं. ‘बघू, जरा कमी होऊ दे’ हे दोन वर्षं ऐकलेल्या माणसाला त्याचा अर्थ पाठ असतो. कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस त्यांच्याच हाताने लिहू द्या आणि सांगा, खुर्चीची संख्या तुम्ही वाढवा, गाडीचं मी बघतो. निर्णय त्यांच्या आयुष्याचा आहे, धोका त्यांना समजतो. प्रेसमध्ये नोकरी केलेल्या माणसाला हिशेब समजावून सांगावा लागत नाही, समोर मांडावा लागतो. तोवर रोज संध्याकाळी अक्कांना व्हिडिओ कॉल लावून द्या, पण भेटीऐवजी म्हणून नको. भेटीपर्यंत म्हणून.

ज्यांच्या घरी पुण्याला जाणं वगैरे काही नाही, त्यांनीही यातलं अर्धं घ्यावं. विशेषतः घरातल्या आजींच्या बाबतीत, कारण ‘त्यांना कुठे जायचंय’ असं म्हणून त्यांचे पाय कुणी मोजतच नाही. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या गर्दीत उभं राहण्यासारख्या ज्या फेऱ्या खरंच टाळता येतात, त्या टाळा. केंद्राच्या निवृत्तिवेतनासाठी पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो. वाचवायच्या त्या अशा फेऱ्या.

शेवटचं, जे तुम्ही पत्रात विचारलं नाही पण मनात असणार. अक्कांची तब्येत त्याआधीच अचानक ढासळली तर? मग वर लिहिलेली आठवड्यांची गणितं बाजूला ठेवा आणि निघा. दुसऱ्या मजल्यावरून नानांना खुर्चीत बसवून दोघांनी उतरवा. हात असलेली, न घडी होणारी खुर्ची, नानांचे हात मांडीवर, एक जण पाठीमागे, एक जण पुढच्या पायांशी. घरची गाडी, काचा उघड्या, एन-९५, चाचणी, भेट तासाभराची आणि उघड्या खिडकीशी. रुग्णालयात असतील तर एकाच नातेवाइकाला आत सोडतात का, आणि कधी, ते निघण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे नाना एवढं अंतर जाऊन बाहेरच्या बाकावर बसून राहणार नाहीत.